शिट्टी वाजेपर्यंत

‘‘पण सर, सोडायचं कधी?’’

निलमने हे विचारलं तेव्हा काशीनाथ सर दारात उभे होते. हातात खडू, फळा चार पावलांवर, आणि तरी सर दारातच. नोव्हेंबरपासून त्यांची उभं राहायची जागा तीच झाली होती. काही लिहायचं असलं की ते भरभर आत जात, एक ओळ लिहीत आणि परत चौकटीत येऊन उभे राहत. पोरांना वाटे, सर बाहेरच्या वर्गांवरही लक्ष ठेवतात. निदान पोरांना तसं वाटत असेल, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली होती.

फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द होते, होल्ड ऑन. खाली मराठीत अर्थ लिहिला होता, ‘घट्ट धरून राहणे’.

तलासरीहून आत, पक्की सडक संपली की वीस मिनिटं चालत जावं लागे, अशा पाड्यावरची ही शाळा. दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली आणि हलतच राहिली. कधी आठवड्यात एकदा, कधी एका दिवसात तीनदा. मग जीपमधून आपत्ती निवारण पथकाची माणसं आली, पत्रकं वाटून गेली. पत्रकावर चित्रं होती आणि तीन सूचना होत्या: ड्रॉप, कव्हर, होल्ड ऑन. खाली बसा, डोकं झाका, धरून राहा. येत्या शुक्रवारी तालुक्याहून साहेब येणार होते आणि पोरांनी हे करून दाखवायचं होतं.

आता यातली गंमत अशी की, भूकंपाच्या भीतीने सगळी शाळा खोल्या सोडून बाहेर चिंचेखाली भरत होती. पण भूकंपात काय करायचं ते शिकायला सातवीला रोज त्या कौलारू खोलीत जावं लागे, कारण बाकं फक्त तिथेच होती. कोणा दात्याने दिलेली लोखंडी बाकं, पाय सिमेंटने जमिनीत पक्के केलेले. ती बाहेर आणता येत नव्हती, म्हणून पोरं आत न्यायची.

‘‘कधी म्हणजे?’’ सरांनी विचारलं.

निलम उभी राहिली. तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ती म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलं, होल्ड ऑन म्हंजे धरून ऱ्हायचं. सोडायचं कधी, ते नाय सांगितलं.’’

पत्रकात ते नव्हतंच. सरांनी पत्रक उलटून पाहिलं, मागे फक्त फोन नंबर होते. गळ्यात खेळाच्या तासाची शिट्टी लटकत होती, तिच्याकडे त्यांचा हात गेला आणि उत्तर आपोआप सुचलं.

‘‘मी शिट्टी वाजवेन तेव्हा. शिट्टी वाजली की सोडायचं आणि धावत बाहेर. तोपर्यंत कितीही भीती वाटली तरी सोडायचं नाही.’’

निलमने ते वहीत लिहून घेतलं.

तर हे काशीनाथ सर. वय छप्पन्न, नोकरी बत्तीस वर्षं, राहायला डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत, दुसऱ्या मजल्यावर. रोज एसटीने तलासरी, तिथून इको गाडी, मग चालत. माणूस वाईट नाही हो, अगदी सरळ. पण घाबरट. लहानपणी विहिरीला घाबरले म्हणून पोहायला शिकले नाहीत, तरुणपणी मोटारसायकलला घाबरले म्हणून एसटीत जन्म गेला. साहेबाची जीप दिसली की त्यांना आधी लघवीला लागे. आणि सगळ्यांत जास्त भीती इंग्रजीची, तर शाळेने नेमकं इंग्रजीच त्यांच्या गळ्यात बांधलं.

दोन हजार चौदा साली डहाणूला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला एक तरतरीत मुलगा होता, त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने सरांना उठवून ‘गिव्ह अप’चा अर्थ विचारला. सर म्हणाले, वर देणे. चाळीस शिक्षक हसले. मुलगा बिचारा हसला नाही, त्याने नीट समजावलं की अशा जोडीत दोन शब्दांचे अर्थ सुटे सुटे घेऊन चालत नाही, ते एकत्र आले की त्यांचा वेगळा संसार होतो. सरांना तो अपमान लागला खरा, पण ते वाक्यही लागलं. परतताना त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली.

त्या वहीत एका पानावर एक क्रियापद. वर शब्द, खाली अर्थ, मग कुठे वापरायचं, कुठे नाही, आणि शेवटी दोन वाक्यं, तीही पाड्यातली. पुस्तकातला जॉन आणि त्याचं बर्फ इथल्या पोरांच्या काय कामाचं? ‘लुक आफ्टर’ला बकऱ्या, ‘रन आउट’ला मीठ, ‘पुट ऑफ’ला पाड्यावरच्या शुक्रीचं लग्न, जे खरंच तीनदा पुढे गेलं होतं. चार वर्षांत एकशे बारा पानं भरली. भीतीपोटी सुरू केलेल्या या वहीवर सरांचा पुढे खरोखर जीव जडला. सातवीची पोरं जिल्ह्याच्या परीक्षेत इंग्रजीत मागे पडत नव्हती, आणि याचं कारण ती वही आहे हे मुख्याध्यापिका पुष्पाबाई चारचौघांत सांगत.

‘होल्ड ऑन’ हे एकशे तेरावं पान. सरांनी पोरांना सांगितलं होतं, नुसतं होल्ड म्हणजे धरणं. धरलं आणि सोडलं, झालं काम. पुढे ऑन आलं की धरणं चालूच राहतं. हात दुखला तरी, भीती वाटली तरी. मग प्रत्येकाला वाक्य करायला लावलं. लाहूने इकोच्या मागच्या शिडीचं केलं. पांड्याने ताडाच्या झाडावर चढलेल्या बापाचं. निलमचा भाऊ वर्षाचा होता, तिने लिहिलं की माझा भाऊ माझी वेणी धरून राहतो, मला झोप लागते तरी सोडत नाही. सरांनी हे वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं.

मग लाहूने विचारलं होतं, घरी बाकं नाहीत, घरी काय धरायचं? सर म्हणाले, तुमची घरं कुडाची, हलकी, पटकन अंगणात यायचं. यावर निलम म्हणाली, म्हणजे शाळाच धोक्याची. सगळा वर्ग हसला. सरांना काही हसू आलं नाही.

त्यांना हसू न येण्याचं कारण फक्त एका माणसाला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला.

डिसेंबरातला रविवार. दुपारचे चार वाजले असतील. अहिल्याबाई ओट्याशी कणीक मळत होत्या, सर टेबलाशी बसून समोरच्या वाटीकडे बघत होते. वाटीत पाणी होतं. महिनाभर ती वाटी टेबलावरून हलली नव्हती. पाण्यावर तरंग उठला की धक्का आला असं समजायचं, ही सरांची युक्ती. दाराशी एक बॅगही भरून ठेवली होती, तिच्यात कागदपत्रं, बॅटरी, बिस्किटं आणि ती वही. अहिल्याबाई चेष्टेने म्हणायच्या, ‘‘वेळ आली तर आधी बॅग उचलाल की मला?’’ सर म्हणायचे, काहीतरीच काय.

त्या दिवशी तरंग उठला. मग भांडी किणकिणली, पंख्याची दांडी हलली. पुढचं सरांना आठवत होतं ते थेट खालचं. बिल्डिंगच्या फाटकाबाहेर ते उभे, अंगात बनियन, हातात बॅग, भोवती शेजारची माणसं. चार-पाच श्वास गेल्यावर त्यांना आठवलं की अहिल्या वर आहे.

ती सावकाश जिना उतरून आली. हाताला कणीक तशीच, आणि त्या हातात सरांच्या चपला. त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘अनवाणी आलात.’’

एवढंच. ती त्यावर नंतर कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. सरांनी चारदा मनाशी कारणं जुळवली, पाय आपोआप पळाले, डोकं चाललंच नाही, कोणाचंही असंच झालं असतं. पण बॅग उचलायला तर डोकं चाललं होतं.

आणि मग खरी भीती सुरू झाली. भूकंपाची भीती सगळ्यांनाच होती, तिच्यात काय एवढं? सरांना आता स्वतःच्या पायांची भीती वाटायला लागली. बत्तीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला सोडून हे पाय पळाले. उद्या शाळेत धक्का आला तर तेवीस पोरांना सोडून ते पळणार नाहीत कशावरून? रोज सकाळी एसटीत बसलं की हाच विचार. कोणाला सांगणार? पुष्पाबाईंना सांगायचं की मला सातवीवर ठेवू नका, मी पळेन? शाळेत तीन शिक्षक, त्यातल्या एकाला टायफॉइड. सांगून उपयोग नव्हता, आणि सांगायची हिंमत त्याहून नव्हती.

त्यांनी एक मात्र केलं. त्या शाळेत पोरं आणि शिक्षक, सगळे चपला व्हरांड्याच्या पायरीशी काढत. वर्षानुवर्षांची पद्धत. ज्यांना चपला होत्या त्यांच्या ओळीने लागत आणि शेवटी सरांच्या, टाचेशी झिजलेल्या. जानेवारीपासून सर चपला घालूनच वर्गात येऊ लागले. पायाला भेगा पडल्यात म्हणाले. तेवीस पोरांनी सरांच्या पायांकडे पाहिलं.

शुक्रवार उजाडला. साहेब अकराला येणार होते. दहा वाजताच पुष्पाबाईंनी लहान वर्ग चिंचेखाली ओळीत बसवले आणि सातवी आत जाऊन बसली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोनदा सराव झाला. शिट्टी वाजली की पोरं बाकांखाली शिरत, एक हात डोक्यावर, एक हात बाकाच्या लोखंडी पायाला. दुसरी शिट्टी वाजली की सोडून, दारातून बाहेर. साठ सेकंदांत वर्ग रिकामा. पुष्पाबाई म्हणाल्या, साहेब खूश होतील.

तिसऱ्या वेळी पोरं बाकांवर बसून साहेबांची वाट बघत होती. सर दारात. सव्वा अकरा झाले असतील.

आधी आवाज आला. इकडचे धक्के आवाज करत येतात, लांब खदाणीत सुरुंग उडवल्यासारखा. मग जमिनीने खालून एक जोराचा हिसका दिला. फळा भिंतीवर आपटला, वरून माती गळायला लागली. शिट्टी वाजायची वाट कोणी पाहिली नाही. तेवीसच्या तेवीस पोरं एका दमात बाकांखाली गेली.

आणि काशीनाथ सर चिंचेखाली होते.

मधलं काही त्यांना आठवत नाही. पाठीला चिंचेचं खोड लागत होतं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायाला गार माती लागत होती. भोवती लहान पोरं रडत होती, पुष्पाबाई त्यांना मोकळ्या मैदानाकडे ढकलत होत्या आणि डोकी मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी सरांकडे पाहिलं.

‘‘सर, सातवी?’’

सरांनी खोलीकडे पाहिलं. खोलीतून कसलाही आवाज येत नव्हता. ना रडणं, ना ओरडणं. दाराच्या वरची कौलांची एक ओळ घसरून पायरीवर फुटली होती, तिच्या मागची ओळ वाशावरून अर्धी बाहेर लटकत होती. आणि उंबऱ्यात, तुकड्यांच्या पलीकडे, त्यांची एक चप्पल पडली होती.

झालं. जे होऊ नये म्हणून महिनाभर जीव टांगणीला लागला होता, ते होऊन गेलं होतं. सरांना त्या क्षणी मरण आलं असतं तर त्यांनी आनंदाने पत्करलं असतं, आणि तेही खोटंच, कारण मरणाला भिऊनच तर ते इथे आले होते.

‘‘शिट्टी वाजवा ना,’’ पुष्पाबाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या शिट्टीशिवाय ती यायची नाहीत.’’

सरांनी शिट्टी तोंडात धरली. ओठ कोरडे पडले होते, फुंकर येत नव्हती. त्यांनी जीभ फिरवली, श्वास भरला आणि त्यांची नजर पुन्हा त्या लटकणाऱ्या कौलांवर गेली. शिट्टी वाजली की पोरं काय करतील, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनीच शिकवलं होतं. सोडायचं आणि धावत बाहेर. तेवीस पोरं एकदम त्या दारातून निघतील, त्या कौलांखालून, पुढचा मागच्याला ढकलत. आणि शिट्टी नाही वाजवली तर ती तशीच धरून बसतील, भिंत खाली आली तरी. त्यांनी हेही शिकवलं होतं. कितीही भीती वाटली तरी सोडायचं नाही.

इथून ओरडून सांगावं, थांबा, एकेक जण या? त्यांनी ओरडून पाहिलं. घशातून नुसती हवा निघाली.

 सर आपल्या पायांकडे बघून मनात म्हणाले, एकदा तुम्ही तुमच्या मनाने गेलात, आता एकदा माझ्या मनाने चला. असं काही मोठं धैर्य वगैरे आलं नाही हो. भीती होती तेवढीच होती, उलट जास्त. पण तिकडे तेवीस मुठी आपल्या शब्दावर आवळलेल्या आहेत, हे सहन होण्याच्या पलीकडचं होतं. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि ते चालायला लागले. पळत नव्हते. पळता येत नव्हतं. पुष्पाबाईंनी मागून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

पायरीवर कौलांचे तुकडे अनवाणी पायाला लागले. लटकणाऱ्या ओळीखालून जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

आत धूळ होती. बाकांखाली शर्टांचे पांढरे ठिपके दिसत होते. एका बाकाखाली लाहूची चड्डी ओली झाली होती आणि तो हुंदके गिळत होता, पण त्याचा हात लोखंडावरून सुटला नव्हता. सर पहिल्या बाकापाशी गुडघे टेकून वाकले. खाली निलम होती. तिने सरांकडे पाहिलं, थोडी आत सरकली आणि बाकाच्या पायाची रिकामी जागा दाखवून म्हणाली, ‘‘इथं धरा सर.’’

सरांनी तिथे धरलं. छप्पन्न वर्षांचा माणूस पोरांच्या बाकाखाली नीट मावत नव्हता, अर्धी पाठ बाहेर राहिली. ते मोठ्याने म्हणाले, सगळे धरून राहा, मी इथेच आहे. 

मग दुसरा धक्का आला. पहिल्यापेक्षा लहान, पण लांबलेला. वासे करकरले. दारात एकदम मोठा खळ्ळ आवाज झाला आणि लटकणारी सगळी ओळ उंबऱ्यावर येऊन पडली. शिट्टी वाजली असती तर पोरं तिथे असती. सरांना हे कळलं.

जमीन थांबली. सरांनी पन्नास अंक मोजले, मग आणखी पन्नास. मग दाराच्या वर उघडं आभाळ दिसतंय, वर आता पडायला काही उरलं नाही, हे नीट पाहून त्यांनी सांगितलं की दप्तर डोक्यावर धरायचं, एकामागे एक, धावायचं नाही. आणि मग शिट्टी वाजवली. बारीक, अर्धी हवेचीच.

पोरं उठली, ओळीने गेली. निलम उठली नाही.

‘‘चल बाळ, वाजली शिट्टी.’’

‘‘उघडत नाय सर,’’ ती म्हणाली.

तिची मूठ लोखंडाभोवती वळून बसली होती, बोटं पांढरी पडली होती. सरांनी एकेक बोट हळूहळू सोडवलं. तळहातावर लोखंडाची कड खोल उमटली होती. शेवटचं बोट तिनेच दुसऱ्या हाताने सोडवलं.

‘‘घाबरलीस?’’ त्यांनी विचारलं. खरं तर विचारायचं होतं ते दुसरंच.

निलमने दाराकडे पाहिलं. कौलांच्या ढिगातून चपलेची टाच तेवढी दिसत होती.

‘‘घाबरले. पन तुमची एक चप्पल इथंच होती,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, एक इथं हाय, म्हंजे येतील.’’

सरांनी मान खाली घातली आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करून बाहीने चेहरा पुसला.

बाहेर पाड्यावरची माणसं धावत आली होती. निलमची आजी भिकी सगळ्यांच्या पुढे. तिने नातीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, तळहात पाहिला आणि विचारलं, ‘‘मास्तर होता ना जवळ?’’

‘‘होते,’’ निलम म्हणाली. ताबडतोब, डोळे न हलवता.

 बाकीच्या बावीस पोरांना खरं माहीत होतं आणि एकही तोंड उघडत नव्हतं. सरांनी काही केलं नसतं, फक्त गप्प राहिले असते, तरी निभावलं असतं. जन्मभर ते असेच निभावत आले होते. पण त्यांना अहिल्येच्या हातातल्या कणीक लागलेल्या चपला आठवल्या आणि आज गप्प बसवेना.

‘‘नव्हतो, आजी,’’ ते म्हणाले. ‘‘धक्का आला तेव्हा मी पळालो. पोरांना आत ठेवून पळालो. परत आलो ते मागाहून.’’

पुष्पाबाई दुसरीकडे बघायला लागल्या. भिकीने सरांकडे पाहिलं. तिचा चेहरा सुरकुत्यांचा, त्यात राग आहे की काय आहे, कळत नव्हतं. सरांनी मनाची तयारी केली होती, शिव्या, तक्रार, पंचायत, बदली, सगळ्याची.

‘‘मी पन पळाले,’’ ती म्हणाली. ‘‘पयल्या धक्क्याला. बारका झोळीत होता, त्याला सोडून अंगणात आले. सुनंला अजून नाय सांगितलं.’’

तिने निलमचा हात धरला आणि वळली. चार पावलं जाऊन थांबली, मागे न बघता म्हणाली, ‘‘मंगळवारी धाडते पोरीला.’’ आज शुक्रवार होता. सोमवारी ती धाडणार नव्हती. सरांना ते बरोबर वाटलं.

बाराच्या सुमाराला साहेबांचा पुष्पाबाईंना फोन आला. रस्त्यात धक्का जाणवल्यामुळे गाडी वळवली आहे, भूकंपाचं प्रात्यक्षिक पुढच्या शुक्रवारी. पुष्पाबाई बरं म्हणाल्या.

घरी आल्यावर सरांनी अहिल्याबाईंना सगळं सांगितलं. पळालो, इथपासून सुरुवात केली. डिसेंबरातलंही बोलले, पहिल्यांदाच. तुला सोडून पळालो, बॅग मात्र घेतली, असं स्पष्ट बोलले. अहिल्याबाई ऐकत होत्या. मग त्यांनी चप्पल मागून घेतली, तिचा कौलाने तुटलेला अंगठा पाहिला, सुईदोरा काढला आणि शिवायला बसल्या. शिवता शिवता म्हणाल्या, ‘‘ती वाटी उचला आता टेबलावरून. ताट ठेवायला जागा नाही.’’ सरांनी वाटीतलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. थोडं बाहेर सांडलं.

पुढच्या शुक्रवारी साहेब खरंच आले. कौलं नवी बसवली होती. साहेबांनी कागदावर पाहून विचारलं, शिक्षकांची जागा कुठे? त्यांच्या त्या कागदावर तर शिक्षकाने दारापाशी राहावं असं होतं. पुष्पाबाई काही बोलणार एवढ्यात काशीनाथ सर म्हणाले, माझी जागा पहिल्या बाकाखाली आहे.

मंगळवारी आलेल्या निलमशी त्यांचं बोलणं झालं होतं. शिट्टी आता तिच्या गळ्यात होती. सोडायचं कधी, ते ती ठरवणार होती. वर बघून, दाराकडे बघून, शंभर मोजून. सर एवढंच म्हणाले होते की माझ्यावर हे सोपवू नकोस. ती ‘असं नका बोलू सर’ वगैरे काही म्हणाली नाही. तिने शिट्टी घेतली, परकराला पुसली आणि गळ्यात घातली. सरांना थोडं लागलं, पण पटलं.

त्यांनी पायरीशी चपला काढल्या, शिवलेल्या अंगठ्याची आणि दुसरी, पोरांच्या चपलांच्या ओळीत शेवटी नीट लावल्या आणि अनवाणी आत आले. पहिली शिट्टी झाली. तेवीस पोरं बाकांखाली गेली, आणि सरही गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, खाली गेले. साहेब दारात घड्याळ घेऊन उभे होते. वीस सेकंद झाले, तीस झाले. लांब कुठे खदाणीत सुरुंग उडाला असावा, बाकाचं लोखंड किंचित थरथरलं आणि सरांच्या पायांना ओळखीचा झटका आला. त्यांनी दोन्ही हातांनी लोखंड घट्ट आवळलं.

निलम दाराकडे बघत मोजत होती. तिने अजून शिट्टी वाजवली नव्हती.